ॲस्परॅगस आणि रुबार्ब : जात निवडताना

 

मेथी बिघडली तर महिन्याभरात वाफा मोकळा होतो, पुन्हा पेरता येते. ॲस्परॅगस आणि रुबार्बचं तसं नाही. ॲस्परॅगसचा वाफा पंधरा-वीस वर्षं टिकतो. पहिल्या वर्षी काढणी करायची नाही, दुसऱ्या वर्षी अगदी थोडी, आणि पोटभर तिसऱ्या वर्षापासून. म्हणजे जात चुकली हे कळेपर्यंत तीन वर्षं गेलेली असतात. म्हणून थोडा विचार आधीच करू या.

ॲस्परॅगस ही आपल्या शतावरीची सख्खी बहीण, एकाच कुळातली. हिच्यात नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. मादीला लाल फळं येतात, ताकद बियांत जाते आणि पडलेल्या बियांची रोपं वाफ्यात तण होऊन बसतात. ती फळं मुलांना खाऊ देऊ नका. ‘मेरी वॉशिंग्टन’ या जुन्या जातीत नर-मादी दोन्ही येतात. बी स्वस्त मिळतं, पण उत्पन्न कमी. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाने काढलेल्या ‘जर्सी नाइट’ आणि ‘जर्सी सुप्रीम’ या जवळजवळ सगळ्या नर झाडांच्या जाती. कोंब जास्त येतात, तांबेरा रोगालाही त्या चांगल्या तोंड देतात. मिनेसोटा-मिशिगनसारख्या कडक थंडीत कॅनडाच्या गेल्फमधली ‘मिलेनियम’ लावा. कॅलिफोर्नियाच्या उबदार भागासाठी तिथल्याच विद्यापीठाची ‘यूसी १५७’ आहे. जांभळी ‘पर्पल पॅशन’ गोड असते, कच्ची कोशिंबिरीत छान लागते. पण शिजवली की हिरवी होते आणि कोंबही कमी देते. घरी चार रोपं हौसेने लावा. बाजारासाठी मात्र मुख्य पीक नर जातीचं ठेवा.

आता रुबार्ब. हा आपल्या आंबट चुक्याच्या घराण्यातला. म्हणूनच एक गोष्ट लक्षात ठेवा: चुक्याची पानं आपण खातो, रुबार्बची कधीही नाही. ती विषारी आहेत. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही आवर्जून सांगा, कारण ही मोठी हिरवी पानं पाहून पातळभाजीचा मोह कुणालाही होईल. खायचा तो फक्त देठ.

लाल देठ म्हणजे गोड, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. हिरवट-गुलाबी ‘व्हिक्टोरिया’ जोमाने वाढते, भरपूर देते, घरच्या मुरांब्याला उत्तम. बाजारात मात्र गिऱ्हाईक रंग पाहतं. तिथे ‘कॅनडा रेड’ किंवा शिजल्यावरही रंग राखणारी ‘व्हॅलेंटाइन’ बरी. बियांपासून लावू नका. त्यातून आईसारखंच झाड येईल याचा भरवसा नसतो. क्राउन विकत घ्या, नाहीतर शेजाऱ्याच्या चांगल्या झाडाचा तुकडा मागून घ्या. एका कुटुंबाला दोन-तीन झाडं पुरतात. मात्र त्यांना तीन-तीन फूट जागा द्या.

रुबार्बला खरी थंडी लागते. ह्यूस्टन किंवा फिनिक्समध्ये राहत असाल तर त्याच्या मागे लागू नका. उन्हाळ्यात तो टिकत नाही. तिथे अंबाडी लावा, तिला ऊन मानवतं.

शेवटचा प्रश्न स्वतःलाच विचारा: या घरात आपण किती वर्षं राहणार? घर भाड्याचं असेल, व्हिसा किंवा नोकरी बदलायची असेल, तर आधी रुबार्ब लावा. लवकर वसंतात त्याचा गड्डा कापून सोबत नेता येतो. ॲस्परॅगसचा जुना वाफा असा हलवणं अवघड. तो लावा, जिथे तीन वर्षं थांबायची तुमची तयारी आहे तिथेच.

तुमच्या काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला फोन करून स्थानिक जाती विचारा, आणि मगच ऑर्डर द्या. पुढच्या भेटीपर्यंत, नमस्कार!