थोड्या पैशांत मोठा प्रवास

(मंडळाच्या अकोला येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मजसारख्या केवळ मॅट्रिक शिकलेल्या, अमरावती-अकोल्याबाहेर फारसे न गेलेल्या मास्तराने जगप्रवासावर बोलावे, हे आपणांस काहीसे विनोदाचे वाटेल. बालपणी मूर्तिजापूर ते अचलपूर अशी 'शकुंतला' गाडीतून केलेली सफर, हाच माझ्या आठवणीतला थोर प्रवास. आता ती गाडीही बंद पडली आहे. तथापि आज मी उभा आहे तो एका चुकीची कबुली देण्यासाठी.

काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील माझा एक विद्यार्थी वडिलांसह माझ्या घरी आला. नोकरी करून साठविलेल्या थोड्या पैशांत त्याला चार देश पाहावयाचे होते. वडिलांनी माझा सल्ला विचारला. मी 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण ऐकविली आणि मुलगा मुकाट्याने परत गेला. पुढे संसार आला, आईचे आजारपण आले. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, पासपोर्ट काढला होता. एकही शिक्का न पडता त्याची मुदत संपली." ज्याने सारी हयात मुलांना नकाशे शिकविले, त्यानेच एका मुलाची वाट अडविली होती.

वस्तुतः उदाहरण आपल्या शेजारचेच होते. डॉ. पांडुरंग खानखोजे यांचा जन्म 1884 साली वर्धा येथे झाला. स्वातंत्र्याच्या ध्यासाने ते 1906 च्या सुमारास घर सोडून निघाले व जपानमार्गे अमेरिकेस पोचले. खिशात द्रव्य नव्हते, पण काम करण्याची लाज नव्हती. मिळेल ती मजुरी करीत ते शेतकीशास्त्र शिकले. तेथे त्यांचे सोबती पंजाबी मजूर होते. पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तान-इराणच्या बाजूस इंग्रजांविरुद्ध लढले आणि 1924 मध्ये मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. त्यांनी मक्यावर संशोधन केले व गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. 1967 साली नागपुरात त्यांचे निधन झाले. या प्रवासाची किंमतही त्यांनी मोजली. मायभूमीत उघडपणे परतणे त्यांना स्वातंत्र्यानंतरच शक्य झाले.

अलीकडचे उदाहरण परभणी जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील पत्रकार विष्णुदास चापके यांचे. 2016 साली निघून, तीन वर्षे फिरून, पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून ते 2019 मध्ये परतले. श्रीमंतीच्या बळावर हे घडले नाही. ठिकठिकाणी माणसांनी हात दिला.

तरुणांनो, याचा अर्थ उद्याच घर सोडावे असा नव्हे. खानखोज्यांचा काळ गेला. आज पर्यटनाच्या व्हिसावर परदेशात मजुरी करणे हा गुन्हा ठरतो. म्हणून परतीचे भाडे व आजारपणासाठीची रक्कम निराळी ठेवावी. आरंभ जवळून करावा. नेपाळ व भूतान येथे भारतीयास व्हिसा लागत नाही. प्रवासात पैसा मुख्यतः तीन गोष्टींत जातो : भाडे, निजावयाची जागा आणि अन्न. घाई सोडल्यास भाडे कमी लागते, स्वतः शिजविल्यास अन्न स्वस्त पडते. उरते ती रात्रीची जागा.

आणि येथेच आपल्या मंडळाचे कर्तव्य सुरू होते. शेगावहून पंढरपूरला पायी निघालेल्या वारकऱ्यास गावोगाव भाकर आणि ओसरी मिळते. कोणी त्याची मिळकत विचारीत नाही. आपण दरवर्षी स्मरणिकेच्या शेवटी सभासदांचे पत्ते छापतो. लग्नाची स्थळे पाहण्यास ते उपयोगी पडतात. माझी सूचना अशी की, ज्या घरी प्रवासी तरुणास दोन रात्री निवारा व साधे जेवण मिळेल, त्या पत्त्यापुढे एक फुली छापावी. पुणे-मुंबईचे, तसेच परदेशी स्थायिक झालेले बांधवही यात नाव देतील, अशी आशा आहे. मुलींनाही हे दार तितकेच उघडे असावे. त्यांच्यासाठी तर ओळखीच्या घराचे मोल अधिकच.

आणखी एक नम्र विनंती. ही फुली केवळ आपल्या ज्ञातीपुरती राहू नये. वर्ध्याच्या त्या तरुणास परमुलखात परक्यांनीच आपले मानले. ते ऋण फेडावयाचे तर आपल्या ओसरीवर येणाऱ्यास प्रथम पाणी द्यावे. आडनाव मागाहून विचारले तरी चालेल.

माझ्या अमरावतीच्या घरी एक खोली रिकामी आहे. पहिली फुली माझ्या नावापुढे छापावी. त्या विद्यार्थ्यालाही मी कळविले आहे की, पासपोर्ट पुन्हा काढ. या वेळी मास्तर म्हण ऐकविणार नाही, शिदोरी बांधून देईल.