मीठ, साखर आणि पितळेचे पातेले
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



रसायनशास्त्र म्हटले की काचेच्या नळ्या डोळ्यांपुढे येतात. आज आपल्याच फळीवरच्या तीन वस्तू घेऊ.

मिठात सोडियम आणि क्लोरीन. सोडियम पाण्यावर आदळआपट करणारा धातू; क्लोरीन म्हणजे १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सोडलेला विषारी वायू. पण सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो, आणि मग देणारा व घेणारा विरुद्ध भारांमुळे एकमेकांना घट्ट धरतात. मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. आपल्या तव्यावर ते नुसते तडतडते!

साखरेत देणेघेणे नाही, भागीदारी आहे. तिच्या एका रेणूतले ४५ अणू शेजाऱ्याशी इलेक्ट्रॉन वाटून घेतात. रेणू आतून बळकट, पण रेणूरेणूंमधली ओढ दुबळी. म्हणून साखर कढईत लवकर पाघळते.

तांब्यापितळेचा संसार एकत्र कुटुंबाचा. इलेक्ट्रॉन कोणा एकाचे नाहीत, साऱ्या घरात मोकळे हिंडतात. तांबटाच्या ठोक्याने अणूंचे थर सरकले तरी ही सामाईक पुंजी त्यांना धरून ठेवते. मिठाच्या खड्यावर बत्ता घाला: थर सरकतात, सारखे भार समोरासमोर येतात आणि खडा फुटतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ताक, चिंचेची आमटी किंवा सोलकढी बिनकल्हईच्या पितळेत ठेवली की कळकते. आंबट पदार्थ आणि हवेतला प्राणवायू मिळून तांब्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढून घेतात. ते अणू घर सोडून भारित कण होऊन अन्नात उतरतात. मळमळ, उलट्या, पोटदुखी होते ती यामुळे. भांड्यातले तांबे निरुपद्रवी, आमटीत उतरलेले नव्हे. पदार्थ कळकला असेल तर उकळून उपयोग नाही. तांबे उकळून जात नाही. टाकून द्यावा, मन घट्ट करून.

कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. नवसागर तापल्या भांड्यावरचा गंज काढतो, म्हणून कथिल धातूला धरते. हल्ली पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतली जातात, कल्हईवाला मात्र शोधावा लागतो. आतून पिवळा-तांबूस रंग दिसू लागला की त्याला गाठावे. तोवर त्या पातेल्यात आंबट काही करू नये. आणि रिकामे भांडे चुलीवर तापत ठेवू नये, कारण कथिल २३२ अंशांनाच वितळते.