एकोणीसशे ग्रॅमचं घर

(मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले माझे सगळे गुरुजन, आणि समोर बसून पुरणपोळीची झोप आवरणारे १९८४ च्या दहावीचे माझे मित्र-मैत्रिणी,

संयोजकांनी मला नेमकी जेवणानंतरची वेळ दिली आहे. शाळेत या वेळेला इतिहासाचा तास असायचा आणि मी तिसऱ्या बाकावर डोळे उघडे ठेवून झोपायचो. त्यामुळे आज कोणी डुलकी काढली तर मी खडू मारणार नाही.

मला आधी 'माझी जडणघडण' असा विषय दिला होता. माझी जडणघडण तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहे, ती परत कशाला सांगू? त्यापेक्षा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला महिनाभर जो गोंधळ चालला आहे, त्यावर बोलतो. आपल्यातले नऊ जण येत्या सप्टेंबरात हम्प्ता खिंडीला निघाले आहेत. कुलूच्या हिरव्या खोऱ्यातून चढायचं आणि सुमारे ४,२७० मीटरवरची खिंड ओलांडून लाहौलच्या उघड्याबोडक्या मुलखात उतरायचं. कंपनी नाही, खेचर नाही, ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. त्यामुळे सगळ्यांना हलका तंबू हवा आहे, आणि गटावर उलटा लिलाव सुरू झाला आहे. एक म्हणतो, "हा बघ, बाराशे ग्रॅम!" दुसरा म्हणतो, "हा नऊशे!" काल रात्री सातशेवर बोली आली. मी गप्प होतो, कारण जे सांगायचं आहे ते फोनवर टाइप करण्यासारखं नाही.

आधी आपल्या शाळेचे तंबू आठवा. खाकी कॅनव्हास, बांबूच्या काठ्या, लाकडी मेखा. एक तंबू उचलायला चार मुलं लागायची आणि पाचवा मी, नुसता ओरडायला. पावसात आतून कापडाला बोट लावलं की नेमकं तिथूनच गळायला लागायचं, म्हणून सर बजावायचे, "बोट लावू नका." मग सगळे बोट लावायचे. स्काउटचे आपले सर आज इथे बसले आहेत. सर, तुम्ही माझी मेख पाच वेळा उपटायला लावली होती, आठवतं? मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेली हवी, दोर तिच्याशी काटकोनात यायला हवा, आणि गाठ अशी की दोर ढिला पडला तर न सोडता ताणता आला पाहिजे. तेव्हा तुमचा राग आला होता. पुढचा प्रसंग ऐकलात तर तो कधी गेला ते कळेल.

२०१८ च्या सप्टेंबरात हिमाचलात अवेळी बर्फ पडलं, रस्ते तुटले, बरेच ट्रेकर जागोजागी अडकले. वर्तमानपत्रांत आलं होतं. त्या अडकलेल्यांत आम्ही दोघे होतो. मी, आणि समोर दुसऱ्या रांगेत निळ्या शर्टात जो खाली बघतो आहे तो. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा. खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामावर, बालू का घेरा नावाच्या ओढ्याकाठच्या सपाट मैदानावर, साडेतीन हजार मीटरच्या वर आम्ही तंबू लावला. तंबू माझा. अकराशे ग्रॅमचा, नवा कोरा, आणि मी तो फक्त वजनाचा आकडा बघून घेतला होता.

दुपारपासून पाऊस, अंधार पडताना वारा, रात्री नऊनंतर बर्फ. पहिल्या तासात कळलं की आउटर, म्हणजे तंबूचं बाहेरचं आवरण, जमिनीपासून चांगलं वीतभर वर संपतं. वजन वाचवायला कापड तेवढं आखूड शिवलेलं. इनर निम्म्याहून जास्त मच्छरदाणीच्या जाळीचा. उन्हाळ्यात झकास. पण आता वारा खालून शिरत होता आणि पिठासारखं बर्फ जाळीतून थेट आमच्या अंगावर चाळत होता. आउटरचं कापड नायलॉनचं. भिजलं की नायलॉन लांबतं, त्यामुळे संध्याकाळी ढोलासारखं ताणलेलं छप्पर रात्री झोळीसारखं लोंबायला लागलं. झोळीत बर्फ साचतं. साचलं की पोल वाकतो. आम्ही आळीपाळीने आतून थापा मारून बर्फ पाडत होतो.

अकराच्या सुमाराला वाऱ्याकडचे दोन दोर सुटले. मी बाहेर पडलो, मोठे धोंडे आणून दोर त्यांना बांधले आणि सरांची ती सरकती गाठ मारली. बोटं बधिर होती, पण हाताला गाठ पाठ होती. त्यानंतर ते दोर सकाळपर्यंत हलले नाहीत. तंबू उभा राहिला. आतला माणूस मात्र खचत चालला होता. त्याची पिसांची स्लीपिंग बॅग भिजून गोळा झाली होती आणि ओल्या पिसांत ऊब राहत नाही. तो आधी कुडकुडत होता, मग कुडकुडायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय. तेवढ्यात त्याने काहीतरी विचारलं आणि शब्द एकमेकांत अडकले. मी म्हटलं, "सातचा पाढा म्हण." सात त्रिक एकवीसपर्यंत आला आणि थांबला. आपल्या वर्गाचा हा गणिती! त्या क्षणी जे पोटात आलं ते मी त्याच्या घरी आजवर सांगितलेलं नाही. वहिनी, आज ऐकलंत.

पन्नास पावलांवर पालमपूरच्या दोन पोरांचा जुना तंबू होता. बोगद्याच्या आकाराचा, पाठ वाऱ्याकडे करून लावलेला, आउटर जमिनीला टेकलेलं, इनर जाड कापडाचा. आमच्यापेक्षा दुपटीहून जड असेल. त्या दोघांच्या घरात आम्ही चौघे बसलो. त्याला कोरड्या कपड्यांत मध्ये घेतलं, गरम गोड पाणी पाजलं, पहाटे तीनला त्याने सातचा पाढा सत्तरपर्यंत म्हटला आणि वर मला शिवी दिली. दोन दिवसांनी आम्ही आल्या वाटेने खाली उतरलो. खिंड राहिली ती राहिलीच. येत्या सप्टेंबरचा आग्रह त्याचाच आहे.

तर आता खरेदी. माझं पहिलं म्हणणं, वजनाचा आकडा शेवटी बघा. जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा नुसत्या इनर, आउटर आणि पोलचा असतो. मेखा, दोर, पिशव्या वेगळ्या. घरच्या काट्यावर सगळं ठेवून मोजा. शिवाय दोघांत एक तंबू असेल तर बाराशे आणि दोन हजार ग्रॅममधला फरक माणशी चारशे ग्रॅम होतो. आपल्यातले काही जण ट्रेकला डबाभर चकली नेतात, तिचं वजन कोणी विचारत नाही. आणि आपापल्या पोटाकडे बघून चारशे ग्रॅमची चर्चा करणं मला तरी जमत नाही.

वाऱ्याचं गणित मात्र नीट समजून घ्या. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी तीस किलोमीटरच्या वाऱ्यात छान उभा राहणारा तंबू साठच्या वाऱ्यात कसा वागेल याचा अंदाज म्हणूनच चुकतो. तिथे आकार कामाला येतो. एकमेकांना दोन-तीन ठिकाणी छेदणारे अ‍ॅल्युमिनियमचे पोल असलेला बुटका घुमट कुठल्याही बाजूचा वारा सोसतो. बोगदा त्याच वजनात जास्त जागा देतो, पण वारा कुशीवर आला तर दबतो, आणि डोंगरात वारा दिशा बदलतो. फायबरग्लासचे पोल घेऊच नका, ते जडही असतात आणि थंडीत चिरतातही. दोर बांधायच्या जागा मोजा. माझ्या त्या तंबूला चार होत्या, निदान आठ हव्यात. आउटर जमिनीजवळ येणारं हवं आणि इनरचं कापड बसल्यावर खांद्यापर्यंत भरीव, जाळी फक्त वर. वर हवा खेळायला झडप लागतेच, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ रात्रभर थेंबाथेंबाने परत मिळते. एकाच कापडाचे, इनर नसलेले तंबू हलके असतात खरे, पण हम्प्त्याच्या दमट बाजूला मी तरी ते नेणार नाही.

काठ्यांवर उभे राहणारे तंबू गटावर बरेच आले आहेत. पोलच नाहीत, ट्रेकिंगच्या काठ्याच खांब. कल्पना जुनी आहे. १८९५ साली नंगा पर्बतवर बेपत्ता झालेला गिर्यारोहक ममेरी आपला छोटा तंबू बर्फाच्या कुऱ्हाडींवर उभा करायचा. माहीतगार माणसाच्या हातात हे तंबू उत्तम. पण त्यांची सगळी ताकद मेखांत असते. एक सुटली की घर बसतं. ज्यांनी स्काउटचा कॅम्प बुडवला होता, त्यांनी या वाटेला जाऊ नये. नावं मला माहीत आहेत.

कापडाबद्दल थोडक्यात. वेष्टनावर १५०० मिमी, ३००० मिमी असं लिहिलेलं असतं. विज्ञानाच्या बाई, तुमच्यासाठी सांगतो, तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ गळायच्या आत ते कापड पेलतं. छपराला दीड हजार पुरतं, तळाला जास्त हवं, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा भिजून फारच कमी लांबतं, म्हणून मी आता तेच घेतो. डायनिमाचं कापड लांबत नाही आणि फुलासारखं हलकं असतं, पण किंमत ऐकून मी दुकानात खुर्ची मागितली.

शंभर टक्के हिवाळी तंबू आपल्याला लागणार नाही, तो तीन किलोच्या पुढे जातो. मी शेवटी घेतला तो दोघांचा, मेखा-दोर-पिशवीसकट एकोणीसशे ग्रॅम. 'दोघांचा' म्हणजे दोन गाद्या कशाबशा शेजारी बसतात, घोरण्याला जागा नाही. ब्रँडचं नाव चहाच्या वेळी सांगतो, स्मरणिकेत जाहिरात नको.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. कितीही थंडी वाजली तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. कापड पेटतं ते वेगळंच.

आणि घरी आल्यावर ओला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकू नका. आपल्या पावसाळी हवेत आतला पॉलियुरेथेनचा थर दोन-तीन वर्षांत चिकट होतो, आंबूस वास येतो, आणि पुढच्या वर्षी तो तंबू गळका निघतो. दोरीवर वाळवा. बायको ओरडेल, ओरडू दे.

हे सगळं मी सांगून कळणार नाही, तंबूत रात्र काढूनच कळेल. म्हणून मुख्याध्यापिका बाईंना विचारून शाळेचं मैदान मागितलं आहे आणि त्यांनी हो म्हटलं आहे. जुलैत पहिला जोराचा पाऊस लागेल त्या शनिवारी संध्याकाळी सहाला नऊ जणांनी तंबू घेऊन यायचं. उजेड असेपर्यंत एकदा लावायचा, मग अंधार पडल्यावर बॅटरी न लावता पुन्हा. रात्री तिथेच झोपायचं. स्काउटचे सर मेखा तपासायला येणार आहेत, त्यांनी आत्ताच मान हलवली. ज्याची मेख पाच वेळा उपटली जाईल त्याने सकाळचा चहा पाजायचा. चटया आपापल्या आणा, आणि घरी सांगून या.