रोकड, बँक आणि आपली पत

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त समाजातील व्यापारी बंधू-भगिनींसमोर दिलेले भाषण)



विश्वस्त मंडळाने मला 'रोख रकमेचे व्यवहार आणि बँकांचे नियम' हा विषय दिला आहे. मी कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यापुढचे शिक्षण दुकानाच्या गादीवर, रोजमेळ लिहिताना झाले. तेव्हा कायद्याचा पंडित म्हणून नव्हे, तर रोज संध्याकाळी गल्ला मोजणारा आपल्यातीलच एक माणूस म्हणून मी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या जिल्ह्याचा बाजार आजही मोठ्या प्रमाणात रोकडीवर चालतो आणि त्याला सबळ कारणे आहेत. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस बाजारात येतो. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथे शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो, तो पुष्कळदा नोटांच्या रूपाने. शेतमालाची किंमत शेतकऱ्याला २ लाखांच्या आत रोखीने देता येते, असा खुलासा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेच नोव्हेंबर २०१७ मध्ये केला होता. हाच पैसा पुढे लग्नसराईत कापडाच्या दुकानात, सराफाकडे, भांड्यांच्या पेढीवर येतो. म्हणून रोकड घेणे, बाळगणे आणि बँकेत भरणे यांत मुळात काही गैर नाही, हे प्रथम मनावर ठसवून घ्यावे. गैर असते ते रोकडीचा उगम लपविणे.

तरीही बँकेच्या खिडकीसमोर उभे राहताना आपल्यातील अनेकांच्या मनात एक भीती असते. एवढी रक्कम एकदम भरली तर बँक 'वर' कळवील! मग घरात सल्लामसलत होते: थोडे आज भरू, थोडे परवा, काही दुकानाच्या खात्यात, काही धाकट्या भावाच्या, काही सूनबाईंच्या. ज्या पैशाचे बिल फाडले आहे, ज्यावर जीएसटी भरला आहे, तो शुद्ध पैसासुद्धा माणूस या भीतीपोटी तुकड्यातुकड्यांनी भरतो. मला आज मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे की, बँकेने पाठविलेली माहिती हा आरोप नव्हे. परंतु त्या माहितीतून सुटण्यासाठी केलेले तुकडे स्वच्छ पैशालाही डाग लावतात.

बँक कोणाला व काय कळविते, ते थोडक्यात पाहू. काळा पैसा पांढरा करण्यास प्रतिबंध करणारा कायदा २००२ साली संमत झाला आणि १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्यापूर्वीच, नोव्हेंबर २००४ मध्ये, केंद्र सरकारने फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट हा कक्ष स्थापन केला होता. या कायद्याखालील २००५ च्या नियमांनी १० लाख रुपयांहून अधिक रकमेचे रोख व्यवहार या कक्षाला कळविणे बँकांना बंधनकारक केले. एका महिन्याची माहिती पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जाते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. एकेक व्यवहार १० लाखांच्या आतला असला, पण ते परस्परांशी निगडित असले आणि महिन्याभरात त्यांची बेरीज १० लाखांच्या वर गेली, तरीही ते कळवावे लागतात. म्हणजे तुकडे करून सुटका होईल, हा समज नियम लिहिणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी खोटा ठरविला होता.

दुसरा अहवाल संशयास्पद व्यवहारांचा. त्याला रकमेची मर्यादाच नाही. एरवी महिन्याला पन्नास हजार भरणारा माणूस एकाच आठवड्यात चार शाखांत ठरावीक रकमा भरू लागला, तर रक्कम लहान असूनही तो अहवालाचा विषय होतो. असा अहवाल गेला आहे हे खातेदाराला सांगण्यास बँकेला मनाई आहे. त्यामुळे 'साहेब, आमचे तेवढे कळवू नका' अशी ओळखीच्या व्यवस्थापकाला गळ घालणे म्हणजे त्या सज्जन माणसाची नोकरी धोक्यात घालणे होय. आपल्या जिल्ह्यात बँकेचे अधिकारी आणि व्यापारी यांचे घरोब्याचे संबंध असतात. ते टिकवायचे असतील तर त्यांच्यावर असा भार टाकू नये.

तिसरी माहिती आयकर खात्याकडे जाते. २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनी एका आर्थिक वर्षात चालू खात्यांत ५० लाख, आणि मुदत ठेव वगळता अन्य खात्यांत १० लाख किंवा अधिक रोख जमा झाल्यास ती कळविणे बँकांवर बंधनकारक केले. हा हिशेब एका व्यक्तीची सर्व खाती मिळून होतो. व्यापाऱ्याने घाबरण्याचे त्यात काय आहे? वर्षाची विक्री ८० लाखांची दाखवली आहे, त्यातील ५५ लाख रोखीने आले आणि ते चालू खात्यात भरले. बँकेची माहिती, आपला रोजमेळ आणि जीएसटीचे विवरण एकमेकांशी जुळले, की विषय संपला. उलट बँकेची नोंद हीच आपल्या सचोटीची साक्ष होते.

तुकडे करण्याचा मार्ग कोठवर जातो, याचे आपल्या राज्यातीलच एक उदाहरण सांगतो. २७ ऑक्टोबर २०२१ रोजी आयकर खात्याने महाराष्ट्रातील एका नागरी सहकारी वित्तसंस्थेच्या मुख्यालयाची व एका शाखेची झडती घेतली. त्यानंतर निघालेल्या सरकारी निवेदनात संस्थेचे नाव नव्हते. मीही त्या चर्चेत शिरत नाही. निवेदनानुसार त्या एका शाखेत पॅनशिवाय १,२०० हून अधिक नवी खाती उघडली गेली होती. अर्ज कर्मचाऱ्यांनीच भरले होते. सह्या आणि अंगठेही त्यांचेच होते. या खात्यांत प्रत्येक वेळी नेमके १ लाख ९० हजार असे रोख भरणे करून एकूण ५३ कोटी ७२ लाख रुपये जमा झाले. ७०० हून अधिक खाती तर ओळीने उघडलेली होती आणि उघडल्यापासून सात दिवसांच्या आत त्यांत ३४ कोटींवर रोकड आली होती. २ लाखांवरील रोख भरण्यासाठी पॅन द्यावा लागू नये, हा या रचनेचा हेतू होता, असे निवेदन म्हणते. पुढे हे पैसे मुदत ठेवींत गेले आणि अखेर ती सर्व रक्कम खात्याने गोठविली.

बंधूंनो, १ लाख ९० हजारांनी ५३ कोटी ७२ लाखांना भागून पाहा. सुमारे २,८०० भरणे होतात. एकच आकडा २,८०० वेळा! लपविण्यासाठी निवडलेल्या आकड्यानेच सर्व उघडे केले. पण मला त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. ज्यांच्या नावाने ही खाती होती, त्यांतील काहींकडे चौकशी केली असता, आपले असे खाते वा ठेव आहे याचीच आपल्याला कल्पना नाही, असे त्यांनी सांगितले. कोणा गरिबाचे नाव त्याच्या नकळत कोट्यवधींच्या हिशेबात गोवले गेले.

म्हणून तरुण मंडळींना कळकळीने सांगतो. 'दोन दिवस तुमच्या खात्यात पैसे ठेवा, नंतर काढून द्या' असे कोणी म्हणाले, मग तो नातेवाईक असो की मोठा आसामी, हात जोडून नकार द्यावा. तसेच आपल्या दुकानातील नोकराचे, दिवाणजींचे पासबुक अशा कामासाठी कधीही मागू नये. तो बिचारा मालकाला नाही म्हणू शकत नाही. बेनामी व्यवहारांचा कायदा १ नोव्हेंबर २०१६ पासून कडक झाला आणि त्यात सात वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद आली. ज्याने पैसा दिला तो आणि ज्याने नाव दिले तो, दोघेही त्यात सापडतात.

आता माझ्या व्यवसायातील रोजचा प्रश्न घेतो. लग्नाचा बस्ता. समजा, बस्त्याचे बिल २ लाख ४० हजार झाले आणि मुलीचे वडील नोटांची पिशवी घेऊन आले. १ एप्रिल २०१७ पासून २ लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई झाली. ही मनाई तीन बाजूंनी बांधलेली आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात. एका व्यवहारापोटी, मग पैसे कितीही दिवसांत येवोत. आणि एका प्रसंगासंबंधी, मग बिले कितीही असोत. त्यामुळे 'निम्मे आज घ्या, निम्मे सोमवारी' हे चालत नाही आणि 'एकाच लग्नाची तीन बिले करा' हेही चालत नाही. दंड घेणाऱ्याला होतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. २ लाख ४० हजारांच्या बस्त्यात आपल्याला सुटते किती, हे या सभेत मी सांगावयास नको! बेअरर चेकलाही कायदा रोकडीसारखाच मानतो. तेव्हा गिऱ्हाइकाला प्रेमाने समजावावे, चहा द्यावा आणि रक्कम अकाउंट पेयी चेकने किंवा खात्यातून खात्यात घ्यावी.

हातउसन्या रकमांचेही तसेच. आपल्या समाजात शब्दावर लाख रुपये देणारी माणसे आहेत, हे आपले भूषण आहे. परंतु २० हजार वा अधिक रकमेचे कर्ज किंवा ठेव रोखीने घेण्यास आणि परत करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि येथेही दंड तेवढ्याच रकमेचा असू शकतो. ही तरतूद वैध असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. शब्दावर अवश्य द्यावे, पण चेकने द्यावे. शब्द आणि चेक यांचे काही वैर नाही.

या सुवर्ण महोत्सवी वर्षात ट्रस्टकडेही वळले पाहिजे, कारण हे नियम देवद्रव्यासमोर थांबत नाहीत. कोणी श्रावकाने ३ लाखांची बोली घेतली आणि दीड-दीड लाख दोनदा रोखीने आणून दिले, तर तो एकाच प्रसंगाचा व्यवहार ठरतो आणि जबाबदारी रक्कम स्वीकारणाऱ्या ट्रस्टवर येते. धर्मादाय व अन्य ना-नफा संस्थांच्या खात्यात आलेली १० लाखांहून मोठी रक्कम बँका स्वतंत्रपणे कळवितात, मग ती चेकने आलेली का असेना. २,००० रुपयांवरील रोख देणगीला २०१७ पासून आयकरातील सवलत मिळत नाही. शाळा, दवाखाने, वसतिगृहे चालविणाऱ्या संस्थांना निनावी देणगीवर कर लागू शकतो, ही तरतूद २००६ मध्ये आली. यावर कोणी विचारतील, मग गुप्तदानाचे काय? माझे नम्र मत असे की, गुप्तदान म्हणजे नाव जगापासून गुप्त, हिशेबापासून नव्हे. संगमरवरी पाटीवर नाव नको असेल तर कोरू नये. पावतीपुस्तकात मात्र ते असावे.

कोणाला वाटेल, हे सारे कागदी जोखड इंग्रजी पद्धतीचे आहे. तसे नाही. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, त्या काळी कापसाच्या या बाजारपेठेत व्यापारी पैशाच्या थैल्या घेऊन देशभर फिरत नसत. पैसा हुंडीने फिरे. त्यांतील शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या शहालाच मिळे; कोणाही आगंतुकाला नाही. आजचा रेघा मारलेला चेक आणि खातेदाराची ओळख पटविण्याचा नियम यांचा अर्थ यापेक्षा काय वेगळा आहे? ओळख आणि लेखी नोंद यांवरच आपल्या पूर्वजांनी पत उभी केली.

आपल्या आचारधर्मातही याला आधार आहे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' गणला आहे. राज्याचे नियम डावलून केलेला व्यापार व्रताला बाधा आणतो. श्रावकाच्या गुणांत 'न्यायसंपन्न वैभव' अग्रस्थानी आहे. वैभवाला आपल्याकडे नकार नाही. अट आहे ती न्यायाची.

जाता जाता काही सूचना करतो. गल्ला रोज मोजून रोजमेळात त्याच दिवशी लिहावा. भरणा दुकानाच्या चालू खात्यातच करावा आणि पावतीमागे नोटांचा तपशील जपावा. मोठी रोकड घेऊन प्रवास करताना, विशेषतः निवडणुकीच्या आचारसंहितेत, बँकेतून पैसे काढल्याची नोंद किंवा रोजमेळाची प्रत सोबत असावी. आयकराच्या संकेतस्थळावर नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण पाहता येते. आपल्याविषयी काय कळविले गेले आहे ते विवरणपत्र भरण्यापूर्वी तेथे पडताळावे. आणि मर्यादांचे आकडे बदलत असतात. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्याने कलमांचे क्रमांकही बदलले. तेव्हा दर पाडव्याला नवी वही पूजताना आपल्या सीएंकडून त्या वर्षीचे आकडे लिहून घ्यावेत आणि ते गल्ल्याजवळ लावावेत.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हा ट्रस्ट उभा केला तेव्हा लोकांनी त्यांच्या हाती विश्वासाने पैसे दिले, कारण त्यांच्या वह्या कोणालाही पाहता येत होत्या. ती उघडी वही हाच आपला खरा वारसा आहे. पुढील पन्नास वर्षे तो आपल्या मुलांच्या हाती तसाच निष्कलंक राहो, अशी प्रार्थना करतो.