शुद्ध इंग्रजी उच्चार कोणाचा?

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत केव्हां ना केव्हां एक शंका उभी राहते : या भाषेचा शुद्ध उच्चार कोणता? इंग्रज बोलतो तो, असें उत्तर सहज सुचतें. परंतु कोणता इंग्रज? लंडनचा सुशिक्षित मनुष्य 'बाथ' या शब्दांतील स्वर लांबवितो. यॉर्कशायरचा मनुष्य तोच स्वर आंखूड उच्चारतो. 'कार' या शब्दांतील शेवटचा 'र' लंडनकराच्या तोंडून ऐकूं येत नाहीं. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेचा बराचसा भाग येथें तो स्पष्ट उमटतो. यांपैकीं अशुद्ध कोणाला म्हणावें?

या प्रश्नाचा निकाल लावण्याचा एक प्रयत्न नभोवाणीनेंच करून पाहिला. घरोघर एकच आवाज जाऊं लागला, तेव्हां तो कसा असावा याची चिंता चालकांस पडणें साहजिक होतें. १९२६ सालीं बी. बी. सी.नें बोलण्यांतील इंग्रजीसंबंधीं एक सल्लागार समिति नेमली. राजकवि रॉबर्ट ब्रिजेस तिचे अध्यक्ष आणि ध्वनिशास्त्रज्ञ लॉइड जेम्स चिटणीस होते. नट फोर्ब्स-रॉबर्टसन, अमेरिकेंत जन्मलेले ग्रंथकार लोगन पिअरसॉल स्मिथ आणि मूळचे डब्लिनचे नाटककार बर्नार्ड शॉ हे सभासदांत होते. १९३० मध्यें ब्रिजेस वारल्यावर अध्यक्षपद शॉ यांच्याकडे आलें. इंग्रजांच्या उच्चारांचा निवाडा करणाऱ्या मंडळाच्या प्रमुखाच्या बोलण्यांतला आयरिश हेल अखेरपर्यंत गेला नव्हता!

शॉ यांनीं १९२७ सालीं परकीय विद्यार्थ्यांसाठीं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर एक व्याख्यान दिलें. त्यांत त्यांनीं या समितीची हकीकत मोठ्या मौजेनें सांगितली आहे. सभासद सारे सुसंस्कृत. लंडनमधील कोणत्याही समाजांत त्यांचें बोलणें खपून जाईल असें. तरीही अगदीं साध्या शब्दांचा उच्चारसुद्धां दोघांचा तंतोतंत एक नव्हता. शिवाय तोच मनुष्य सभेंत एका तऱ्हेनें बोलतो आणि घरीं दुसऱ्या तऱ्हेनें, हेंही त्यांनीं बोलून दाखविलें.

तरीसुद्धां एकाच उच्चाराला प्रतिष्ठा लाभली, ती कशामुळें? डॅनियल जोन्स यांनीं १९१७ सालीं इंग्रजीचा उच्चारकोश प्रसिद्ध केला. दक्षिण इंग्लंडांतील ज्या कुटुंबांतील पुरुष बड्या निवासी शाळांत शिकलेले असत, त्यांचा उच्चार त्यांनीं कोशासाठीं घेतला. उच्चार सुधारण्याचा किंवा त्यांचा न्याय करण्याचा आपला हेतु नाहीं, असें जोन्स यांनीं प्रस्तावनेंतच सांगितलें होतें. परंतु ज्या वर्गाच्या हातीं सत्ता व पैसा, त्याचें बोलणें आदर्श ठरावयास वेळ लागत नाहीं. वास्तविक, 'र' गाळण्याची लकब लंडनकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाली. म्हणजे खेडवळ म्हणून हिणविला जाणारा 'र' हाच अधिक जुना.

समितीचें काम १९३९ सालीं युद्धामुळें थांबलें. पुढें १९४१ सालीं यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्स गांवचे विल्फ्रेड पिकल्स लंडनहून राष्ट्रीय बातम्या वाचूं लागले. ते आपला उत्तरेकडील उच्चार लपवीत नसत, आणि मध्यरात्रीं निरोप घेतांना उत्तरेच्या श्रोत्यांना त्यांच्याच बोलींत शुभरात्र चिंतीत. शत्रूला या आवाजाची नक्कल साधूं नये, असाही या नेमणुकीमागें हेतु होता असें सांगतात. वर्तमानपत्रांनीं थट्टा केली, श्रोत्यांनीं तक्रारी केल्या. बातमी तीच, शब्दही तेच; परंतु अनोळखी स्वरांत ऐकतांना कित्येकांस ती पूर्वीइतकी विश्वासार्ह वाटेना. याच पिकल्सनीं १९४६ ते १९६७ पर्यंत 'हॅव अ गो' हा कार्यक्रम चालविला, आणि लाखों घरांत त्यांचा आवाज आवडता झाला. उच्चार बदलला नव्हता. कानांना संवय झाली होती.

महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यानें यांतून काय घ्यावें? तो 'डॉक्टर' मधला 'र' स्पष्ट म्हणतो, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. स्कॉच मनुष्यही तसेंच म्हणतो. पण मराठींत 'व' एकच असल्यामुळें त्याच्या तोंडीं वेलीचा 'व्हाइन' आणि मद्याचा 'वाइन' हे दोन शब्द एक होतात. स्वराच्या ऱ्हस्वदीर्घाकडे दुर्लक्ष झालें कीं 'शिप' म्हणजे गलबत कीं 'शीप' म्हणजे मेंढी, हें ऐकणाऱ्यास कळत नाहीं. जेथें अर्थाचा असा घोटाळा होतो तेथें श्रम घ्यावेत, जीभ वळवावी.

बाकीचा हेल हा गांवाचा, घराचा असतो. वऱ्हाडांतून किंवा कोंकणांतून पुण्यास आलेल्या मुलाची मराठी ऐकून जे हंसतात, तेच पुष्कळदां साहेबापुढें इंग्रजी बोलतांना स्वतः संकोचतात. हा संकोच सुटला, तर वर्गांत आणि सभेंत आज गप्प बसणारीं कितीतरी माणसें आपलें म्हणणें मोकळेपणानें मांडूं लागतील.