प्रथिनांची अग्निपरीक्षा

तूप थिजलें तरी ऊब लागतांच पाघळतें. पण उकडलेलें अंडें थंड झालें म्हणून पुन्हा पातळ होत नाहीं, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. याचें कारण अंड्याच्या पांढऱ्या बलकांतील प्रथिनांत आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक सांखळी. ती ठराविक रीतीनें दुमडलेली असते, आणि त्या घडीवरच तिचें कार्य अवलंबून असतें. उष्णता वाढली कीं घडी उलगडते व मोकळ्या झालेल्या सांखळ्या एकमेकींत गुंतून त्यांचा गोळा होतो. घडी उलगडण्याची ही उपपत्ति पेकिंग येथील श्येन वू यांनीं १९३१ सालीं मांडली.

मात्र सर्वच प्रथिनें एकाच उष्णतामानास उलगडत नाहींत. पांढऱ्या बलकांतलेंच एक प्रथिन सुमारें ६० अंश सेंटिग्रेडला हार खातें, तर दुसरें ८० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतें. शिवाय प्रथिनास दुसरा एखादा पदार्थ येऊन चिकटला कीं बहुधा त्याची सहनशक्ति वाढते. पत्रावळीच्या पानांस चोय टोचली म्हणजे तीं सहजासहजीं सुटत नाहींत, तसेंच हें.

परीक्षानळींतल्या शुद्ध प्रथिनांबाबत ही गोष्ट फार पूर्वींच माहीत होती. पण जिवंत पेशींत हजारों प्रथिनांची दाटी असते. तेथें औषध नेमक्या प्रथिनापर्यंत पोहोंचलें कीं नाहीं, हें ओळखावें कसें? २०१३ सालीं स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेंतील पेर नूर्डलुंड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक युक्ति प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आहे कीं, आधीं कोणास कशी सुचली नाहीं याचें नवल वाटतें. पेशींना औषध द्यावयाचें, त्यांचे भाग करून प्रत्येक भाग निरनिराळ्या उष्णतामानास कांहीं मिनिटें तापवावयाचा, मग पेशी फोडून तें मिश्रण यंत्रांत वेगानें फिरवावयाचें. गोळा झालेलीं प्रथिनें तळाशीं बसतात, शाबूत राहिलेलीं द्रवांत सांपडतात. औषध न दिलेल्या पेशींपेक्षां एखादें प्रथिन अधिक उष्णता सोसूं लागलें, तर औषध त्यास चिकटलें असें समजावयाचें.

पुढच्याच वर्षीं हायडेलबर्ग येथील संशोधकांनीं ही परीक्षा हजारों प्रथिनांवर एकदम घेतली. त्वचेच्या एका कर्करोगावर व्हेमुराफेनिब नांवाचें औषध देतात. तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांची कातडी थोड्याशा उन्हानेंहि भाजून निघते. असें कां व्हावें, याचा धागा येथें सांपडला. औषध ज्या प्रथिनासाठीं बनविलें होतें, त्याखेरीज तें फेरोकेलाटेज नांवाच्या प्रथिनासहि चिकटत होतें. रक्तास तांबडा रंग देणारें हीम तयार होण्याची शेवटची पायरी या प्रथिनाच्या हातीं असते. तें अडलें कीं अर्धवट तयार झालेलें द्रव्य सांचतें, आणि तें उन्हांत दाह करतें. रोग्यांच्या त्रासाचें मूळ हेंच असावें, असें संशोधकांनीं अनुमान केलें. नळींतल्या अंशांची आणि रोग्याच्या भाजलेल्या कातडीची अशी गांठ पडावी, हें मला या साऱ्या खटाटोपांत सर्वांत मोलाचें वाटतें.

प्रत्येक बंधन उष्णतामानांत उमटतेंच असें नाहीं; फरक आढळला नाहीं, एवढ्यावरून औषध चिकटलेंच नाहीं असें म्हणतां येत नाहीं. पण दुसराहि एक लाभ झाला. पेशींत जीं प्रथिनें जथ्यानें काम करतात, तीं तापवितांना बहुधा एकदमच गोळा होतात, असें २०१८ सालीं दाखविण्यांत आलें. त्यामुळें कोणतें प्रथिन कोणाच्या संगतीनें राबतें, तें पेशी अखंड असतांनाच तापवून पाहतां येऊं लागलें आहे.