फुकटच्या विमानतिकिटाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानाच्या फुकट तिकिटांवर आज बोलणार आहे असे मी संयोजकांना कळविले, तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे चुकले नाही. एस. टी. च्या भाडेवाढीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या कार्यकर्त्यांना या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणालाही वाटेल. पण ज्या तिकिटाचे पैसे प्रवासी देत नाही, ते कोणी तरी दिलेले असतात; आणि ते देणारा बहुधा विमानात बसलेला नसतो. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रारंभीच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी मुलीकडे अमेरिकेला गेलो, तो अशाच तिकिटावर. किंमत विचारली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, फुकट आहे. पॉइंटांवर काढलंय. करापुरते थोडे पैसे पडले, एवढंच." आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला 'फुकट' हा शब्द स्वस्थ बसू देत नाही. तेथे गेल्यावर एके दिवशी आम्ही वाणसामानाच्या दुकानात रांगेत उभे होतो. पुढच्या वृद्ध बाईने दूध आणि पाव घेतला व नोटा-नाणी मोजून पैसे दिले. मुलीनेही दूध आणि पावच घेतला व कार्ड पुढे केले. दोघींना भाव एकच लागला. एकीच्या खात्यात पॉइंट जमा झाले, दुसरीच्या हातात पावती आली. माझ्या तिकिटाचा उगम मला त्या रांगेत दिसला.

आता याची यंत्रणा पाहू. १९७८ साली अमेरिकेने विमानवाहतुकीवरील नियंत्रणे उठविली. भाडी आणि मार्ग ठरविण्याची मोकळीक मिळताच कंपन्यांत चुरस लागली, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची युक्ती म्हणून १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देणारी योजना काढली. पाठोपाठ युनायटेडने तेच केले. तोपर्यंत मैल मिळवायचा तर निदान विमानात बसावे लागे. १९८७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने सिटीबँकेबरोबर कार्ड काढले आणि जमिनीवर उभे राहून, साबण-साखर विकत घेऊनही 'मैल' मिळू लागले. मैलाचा प्रवासाशी असलेला संबंध तेथे तुटला व तो एक विक्रेय माल झाला.

हा माल विकत घेते बँक, आणि विकते विमानकंपनी. बँकेकडे पैसा येतो कोठून? ग्राहकाने शंभर डॉलरची खरेदी कार्डाने केली, तर अमेरिकन दुकानदाराच्या हाती साधारणपणे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव डॉलर पडतात. मधल्या अडतीचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो. जितके कार्ड 'मानाचे', तितकी अडत जास्त. दुकानदार ही अडत स्वतःच्या खिशातून भरीत नाही. शक्य तेवढी तो मालाच्या भावात मिळवितो. आणि भाव सर्वांना एकच असल्यामुळे, ज्याच्याकडे कार्ड नाही तोही ती भरतो. आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. येथे तर तुळशीपत्र ठेवून वर पुण्यही पदरात पाडून घेतले जाते!

हा केवळ माझा तर्क नव्हे. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देते, आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. उत्पन्नाप्रमाणे पाहिले, तर सर्वांत खालच्या थरातील कुटुंब वर्षाला २१ डॉलर गमावते व सर्वांत वरच्या थरातील कुटुंब ७५० डॉलर मिळविते. आकडे जुने आहेत, पण ओघाची दिशा स्पष्ट आहे. सरकार गरिबांवर कर बसवून श्रीमंतांच्या सहलीला अनुदान देऊ लागले, तर दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यावर उतरतील. येथे तेच घडते. पण त्याला कर म्हणत नाहीत, आणि ते कोणत्याही विधिमंडळात मंजूर होत नाही.

दुसरा एक देणेकरी आहे. जो महिनाअखेर कार्डाची सर्व रक्कम फेडू शकत नाही, तो व्याज भरतो. अमेरिकेत कार्डांवरील थकबाकी २०२३ मध्ये एक लाख कोटी डॉलरच्या पलीकडे गेली व सरासरी व्याजदर वीस टक्क्यांवर चढला. पॉइंटांच्या मोहाने सर्वच जण जास्त खर्च करतात. त्यातला सुस्थितीतला माणूस तिकीट मिळवितो, अडचणीतला व्याज भरतो.

कार्डांबरोबर आता 'प्रवासजमा' नावाचा एक प्रकार आला आहे. वर्षाकाठी अमुक इतक्या रकमेचा प्रवासखर्च बँक परत करते. तेथील एका प्रसिद्ध कार्डावर अशी तीनशे डॉलरची जमा मिळते. त्याच कार्डाची वार्षिक वर्गणी २०२५ मध्ये ५५० वरून ७९५ डॉलर झाली. म्हणजे आपलेच पैसे आगाऊ घ्यायचे, आणि ते अमुक कामासाठी अमुक मुदतीत खर्च केले तर परत द्यायचे. विसरला तो बुडाला. विसरण्यावर उभा असलेला हा धंदा आहे.

या व्यापाराचा आकार किती? २०२३ साली डेल्टा कंपनीला अमेरिकन एक्सप्रेसकडून सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले. कंपनीचा त्या वर्षीचा परिचालन नफा सुमारे ५.५ अब्ज होता. २०२० साली करोनामुळे विमाने जमिनीवर आली, तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना गहाण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या वेळी योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज सांगण्यात आले. साऱ्या कंपनीच्या समभागांचा बाजारभाव त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. विमाने, वैमानिक, यंत्रज्ञ, हमाल हे सर्व मिळून जेवढे, त्याहून मैलांच्या वहीचे मोल अधिक! खाजगी टांकसाळ घातल्यावर उद्योग दुय्यम होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

टांकसाळ हा शब्द मी जाणून वापरला. पॉइंट हे नाणे आहे. पण ते पाडणारी कंपनी, त्याचा भाव ठरविणारी कंपनी, मुदत ठरविणारी कंपनी आणि ते स्वीकारावे की नाही हे ठरविणारीही तीच. काल तीस हजार मैलांना मिळणाऱ्या तिकिटाला उद्या पन्नास हजार मागितले, तर धारकाने दाद कोणाकडे मागावी? कामगार चळवळीला हे नवे नाही. इंग्लंडातील मालक मजुरी पैशांत न देता स्वतःच्या दुकानातील मालात व चिठ्ठ्यांत देत. १८३१ च्या ट्रक कायद्याने त्याला मनाई झाली. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चलनी नाण्या-नोटांतच दिली पाहिजे असे ठरविले. यामागचे तत्त्व साधे आहे: ज्याचे देणे आहे त्याला असे नाणे द्या, की ते कोठेही चालेल आणि देणाऱ्याच्या मर्जीवर त्याचा भाव अवलंबून राहणार नाही.

हे तत्त्व प्रवाशाच्या बाबतीत किती सहज मोडले जाते, ते आपण २०२० मध्ये पाहिले. टाळेबंदीत उड्डाणे रद्द झाली आणि परताव्याऐवजी कंपन्यांनी 'क्रेडिट शेल' पुढे केले: पैसे नाहीत, पुढच्या प्रवासाची चिठ्ठी घ्या. ज्याची नोकरी गेली होती त्याने पुढचा प्रवास कसला करावा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे परत देण्यास सांगितले गेले. आधीच्या तिकिटांबाबत मात्र अडचणीतल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत चिठ्ठीची सवलत मिळाली. ती चिठ्ठी दुसऱ्याला देता येईल, तिचे मूल्य दरमहा अर्धा व नंतर पाऊण टक्क्याने वाढेल आणि न वापरल्यास पैसे परत करावे लागतील, अशा अटी होत्या. अटी चांगल्या होत्या. परंतु या तडजोडीत प्रवासी कंपनीचा सक्तीचा सावकार झाला, हे विसरून चालणार नाही.

आता जेट एअरवेजची गोष्ट. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे विमान उडाले. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. परंतु तिची बक्षीस-योजना एका वेगळ्या कंपनीत होती आणि त्या कंपनीची बहुसंख्य मालकी एतिहादकडे होती. विमाने थांबली, नाव बदलले, पण पॉइंटांचे दुकान चालू राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जेटच्या विसर्जनाचा आदेश दिला. ज्या घामावर ती योजना उभी होती त्या घामाचा मोबदला रांगेत अडकला, आणि घामातून झालेले नाव मात्र वेळीच दुसऱ्या पेटीत सुरक्षित राहिले. कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नसेलही. मग कायद्याकडेच पाहिले पाहिजे.

आपल्या दुकानांत परिस्थिती संमिश्र आहे. सराफ किंवा विजेच्या वस्तूंचा व्यापारी "कार्ड दिलंत तर दोन टक्के जास्त" असे तोंडावर सांगतो. तेथे निदान बोजा ज्याचा त्याच्यावर पडतो. मोठ्या दुकानांत भाव एकच असतो, आणि तेथे अमेरिकेतील त्या रांगेचीच पुनरावृत्ती होते. १ जानेवारी २०२० पासून यू. पी. आय. व रुपे डेबिट कार्डावरील अडत शून्य केली गेली. डेबिट कार्डांना त्यापूर्वीच मर्यादा होती. क्रेडिट कार्डाच्या अडतीला मात्र तशी सर्वसाधारण मर्यादा नाही. भाजीवाल्या बाईच्या व्यवहारावर अडत नको हे मान्य केले, ते योग्यच. पण ज्या कार्डावर उच्च वर्गाचे विमानतिकीट निघते त्याची अडत मोकळी का?

मर्यादा घालणे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ पासून क्रेडिट कार्डावरील बँकांमधील शुल्क सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणले. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ते ०.३ टक्क्यावर बांधले. तेथे बँका बुडाल्या नाहीत. पॉइंट तेवढे रोडावले. अमेरिकेत सेनेटर डर्बिन व मार्शल यांनी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये कार्डव्यवहारांत स्पर्धा आणणारे विधेयक मांडले. त्याला विरोध करण्यात बँकांच्या बरोबरीने विमानकंपन्या होत्या, आणि त्यांचा युक्तिवाद एकच: तुमचे पॉइंट जातील. मध्यमवर्गाला चार तुकडे टाकून वाड्याचा राखणदार कसे बनवितात, ते येथे दिसते.

एक आठवण आपल्याच घरातली. जर्मनीतील डाव्या पी. डी. एस. पक्षाचे ग्रेगोर गिझी २००२ साली बर्लिनच्या राज्य सरकारात अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री होते. संसद-सदस्य असताना सरकारी प्रवासात मिळालेले मैल त्यांनी खाजगी प्रवासासाठी वापरल्याचे उघड झाले. ३१ जुलै २००२ रोजी त्यांनी मंत्रिपद सोडले. रक्कम मोठी नव्हती. पण जनतेच्या पैशाने केलेल्या प्रवासाचे बक्षीस जनतेचे, हे साधे गणित आपल्यातल्या हुशार माणसालाही सुचत नाही, इतका हा पैसा अदृश्य असतो. आपले किती लोकप्रतिनिधी व अधिकारी या मैलांचा हिशेब देतात, हा प्रश्न आपण माहितीच्या अधिकारात विचारावा असे मी सुचवितो.

तेवढ्याने भागणार नाही. माझ्या मते मागण्या चार आहेत. क्रेडिट कार्डाच्या अडतीला कायदेशीर कमाल मर्यादा असावी. उड्डाण रद्द झाले तर परतावा पैशांत मिळावा, चिठ्ठी केवळ प्रवाशाच्या राजीखुशीने. पॉइंटांचा भाव किंवा मुदत बदलण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना बंधनकारक व्हावी व देय पॉइंटांचा हिशेब जाहीर व्हावा. आणि कंपनी कोसळली तर तिच्या नावावर उभ्या राहिलेल्या बक्षीस-योजनेच्या मूल्यावरही कामगारांच्या थकलेल्या वेतनाचा हक्क पोहोचावा. पहिल्या मागणीत किरकोळ दुकानदार आपल्या बरोबर येऊ शकतो. एरवी ज्याला आपण विरोधी गोटात ढकलतो, त्याच्याशी बोलण्याची ही संधी आहे.

"मग तुम्ही ते तिकीट परत का केले नाही?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मी तिकीट परत केले असते, तर त्या बाईच्या दुधाचा भाव एका सेंटानेही उतरला नसता. वैयक्तिक सोवळ्याने व्यवस्था बदलत नाही. मात्र त्या सबबीखाली गप्प बसणे हाही अप्रामाणिकपणाच. त्या प्रवासाचे मी काही देणे लागतो. ते त्या बाईला पोहोचविणे माझ्या हाती नाही. ज्या रांगेत ती उभी होती, तशाच रांगेत उभ्या असलेल्या आपल्या माणसांपर्यंत हा हिशेब पोहोचवावा, एवढे आपल्या हाती आहे. आज तो मी आपल्यापुढे ठेवला.